पलीकडचं घर

"हळू बोला हो, ती उठेल!"

लाइनमन दारातच थबकला. खोलीत पलंगावर टेकून बसलेल्या आजींशिवाय चिटपाखरू नव्हतं. आजींच्या कानाशी जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर होता.

"उठली बघा," आजी म्हणाल्या. "आता बोला खुशाल."

"तुमचा फोन सदानकदा एंगेज लागतो, अशी तक्रार आलीय."

"माझ्याच नवऱ्यानं केलीय," स्वयंपाकघरातून सून हसत म्हणाली. "बिघाड कसला डोंबलाचा! दोघी बहिणी सकाळी फोन लावतात तो रात्रीच ठेवतात. आणि बोलत मात्र काही नाहीत."

"रोज उठून बोलायचं काय?" आजी म्हणाल्या. "धाकटी राहते शहराच्या पार त्या टोकाला, एकटी. तिला धड दिसत नाही, मला चालवत नाही. ती घरात वावरते, मी ऐकते. झालं."

लाइनमनला हसू आलं. तरी सवयीप्रमाणे त्यानं पिशवीतला तपासणीचा फोन काढून तारांना चिमटे लावले आणि कानाशी धरला. फरफटत चाललेल्या चपला. नळाची धार. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग कसलीशी बारीक सुरसुर. ती कशाची हे त्याला उमगायच्या आत आजी ओरडल्या,

"चिमे, दूध!"

चपलांची धांदल झाली. गॅसचं बटण कट्कन वाजलं. "केला गं बंद, अक्का," पलीकडून आवाज आला आणि चपला पुन्हा संथ चालू लागल्या.

लाइनमनच्या अंगावर काटा आला. खांबांवर चढण्यात, चिखलातल्या केबली जोडण्यात, लोकांची बोलणी खाण्यात त्याचा जन्म गेला होता. तारेतून आवाज जातो एवढंच त्याला ठाऊक होतं. तिच्यातून अख्खं घर ये-जा करत असेल, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

 शेवटी चिमटे काढता काढता तो म्हणाला, "आजी, या महिनाअखेरीला तांब्याच्या तारांवरचे हे सगळे जुने फोन बंद होताहेत."

"मोबाइल दिलेत हो दोघींना," सून म्हणाली. "पण तासाभरात तापतो, नाहीतर आपोआप कटतो. मावशींना तर त्या काचेवर बटणच सापडत नाही."

 आजींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमची लाइन सगळ्यांत शेवटी काढीन," तो म्हणाला. "तेवढं माझ्या हातात आहे."

महिनाअखेरीला तो गल्लीतून घरोघर फिरला. "न्या एकदाची ती अडगळ," म्हणत लोकांनी मान वर न करता फोन काढू दिले. आजींच्या दाराशी पोचला तेव्हा ऊन कलत आलं होतं.

सुनेचे डोळे सुजले होते. "मावशी गेल्या," ती कुजबुजली. "त्यांना बरं नव्हतं, म्हणून आठवडाभर दोघींनी रात्रीही फोन ठेवला नव्हता. श्वास ऐकू येईना म्हणून पहाटे आईंनीच मला उठवलं. मी मोबाइलवरून त्यांच्या शेजाऱ्यांना कळवलं. हे गेलेत तिकडे. आईंना कसं नेणार?"

आजी रिसीव्हर कानाशी धरून ताठ बसल्या होत्या.

"माणसं जमलीत बरीच," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "टेबल सरकवताहेत... कुणीतरी रडतंय. असेल शेजारीण... आता उचललं तिला."

लाइनमन पिशवी बाजूला ठेवून भिंतीशी खाली बसला. सून त्याच्या शेजारी बसली.

बऱ्याच वेळानं आजींनी रिसीव्हर त्याच्यापुढे केला. "गेली सगळी. ऐका."

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मेलेली लाइन त्याला क्षणात ओळखू यायची. ही तशी नव्हती. कुठलंसं दार वाऱ्यानं किंचित करकरत होतं. खूप दूर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि विरत गेला.

"फोन जाग्यावर ठेवायला तिथं कुणी उरलं नाही," आजी म्हणाल्या. "तुम्हीच काढा आता."

"आज नाही," तो म्हणाला आणि रिसीव्हर त्यांच्या हाती दिला.

सून दिवा लावायला उठली. आजींनी हातानंच नको म्हटलं. रिसीव्हरमधून बारीक घरघर येत होती. पलीकडच्या घरात कुणीतरी पंखा चालूच ठेवून गेलं होतं.