निळ्या धाग्याची कात्री

"हा दवाखाना आहे की बालवाडी? आज फडक्यावर कात्र्या काढल्यात, उद्या बदकं काढून मागेल."

फळीपलीकडून मोठ्या बाईंचा आवाज आला आणि अलीकडे शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा पाय थबकला. इकडे दवाखान्याच्या फाटक्या चादरी शिवायची खोली, तिकडे मोठ्या बाईंच्या हाताखाली ड्रेसिंगचे सेट भरायची. मधे नावापुरती फळी. एकीकडची शिंक दुसरीकडे ऐकू जायची, तिथं गाऱ्हाणं कसलं लपतंय?

"बाई, जरा सांभाळून घ्या," हा मामाचा आवाज. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, इथल्या भांडाराचा कारभारी. भाचीला त्यानेच चिकटवलं होतं, त्यामुळे तिच्यापायी रोज दोन शब्द ऐकून घेणं हेही त्याच्याच कामात जमा झालं होतं. "महिन्याभरात सवय मोडेल तिची. पोर गुणाची आहे."

"गुणाची आहे, मी कुठं नाही म्हणते? पण सोमवारी तपासणीला माणसं येणार. फडकं आजच काढा. बाकीच्या बायका ढिगातून उचलून भरतातच ना? तिला जमलं तर कायम करू. नाही जमलं तर मला बोल लावू नका."

बदकं म्हणे. आईने चार शब्द जिभेखाली दाबून ठेवले. तिथं आधीचे बरेच होते, दाटीवाटीच झाली.

लेकीला ऑटिझम होता. डॉक्टरांनी ते लहानपणीच स्वच्छ सांगितलं होतं. नातेवाईक मात्र अजून "तिचं जरा वेगळं आहे" म्हणून विषय चहाच्या कपात बुडवायचे. सव्विसाव्या वर्षी ती इथे कामाला आली, तेव्हा तिच्यापुढे टोपभर धुतलेली अवजारं ओतली होती. कात्र्या, चिमटे, वाट्या, सगळी एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. बाई म्हणाल्या, भर. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. तोंडी सांगून झालं, हात धरून दाखवून झालं. बाईंना वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

घडा पालथा नव्हता, हे आईला ठाऊक होतं. पण पाणी ओतावं कसं, ते कळायला तिलाही दोनदा तोंडघशी पडावं लागलं. आधी तिने हिरव्या कापडावर एकेका अवजाराची आकृती भरली, ती गोलात, फुलाच्या पाकळ्यांसारखी, आणि कडेने नाजूक वेलबुट्टी. भरतकामाची हौस उतू चालली होती. लेक दुपारभर त्या वेलबुट्टीवरून बोट फिरवत बसली, एक वाटी हलली नाही. शिवाय गोलाला सुरुवात कुठून, हे कुणी सांगावं? मग आईने सरळ ओळ केली, पण आकृत्या खेटून. चिमटा कात्रीच्या घरात शिरला आणि लेक पुन्हा कानांवर हात ठेवून बसली.

तिसऱ्यांदा आईने आपली हौस गुंडाळून पेटीत टाकली. साधं कापड, एकच निळा धागा. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मधे चार-चार बोटं मोकळी जागा. आणि शेवटी रिकामा चौकोन. भरलेला सेट तिथं ठेवला की काम झालं. लेकीने सगळं नीट निरखलं.

"हे कमी बोलतं," ती म्हणाली.

आईच्या हातकामाचं इतकं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. तेव्हापासून लेकीचा एकही सेट अपुरा म्हणून वॉर्डातून परत आला नाही. चिमटा राहिला तर निळा चिमटा उघडा पडायचा, लपायला त्याला ढीगच नव्हता.

आता पलीकडे फडकं ओढल्याची सरसर झाली. अवजारं ओतल्याचा खणखणाट झाला. मग लेकीचं गुणगुणणं सुरू झालं, एकाच सुरातलं. घरी ते फक्त वीज कडाडली की ऐकू यायचं.

आई उठली. गळ्यात टेप, हातात खडू, तशीच फळी ओलांडून गेली.

लेक ढिगापुढे उभी होती, हात कानांवर. फडकं मामाच्या काखेत होतं, आणि मामा ते चोरल्यासारखा उभा होता.

"ताई, तू मधे पडू नकोस," तो पुटपुटला. "नोकरी जाईल पोरीची."

"कुठली नोकरी? ढिगापुढं उभं राहायची?" आईने फडकं ओढून घेतलं, टेबलावर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या. लेकीचा सूर उतरला. एक हात कानावरून सुटला, ढिगात गेला आणि वाटी घेऊन बाहेर आला. वाटी वाटीच्या घरात बसली.

बाईंनी ते पाहिलं. नजर वळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मी काही तिची वैरीण नाही," त्या म्हणाल्या. "पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. हे असं किती दिवस चालणार, एवढं तरी सांगा."

"महिना," मामा म्हणाला. "फार तर दोन. सांग की, ताई."

आईने हातातल्या खडूकडे पाहिलं. "बाई, मी जन्मभर कापड बेततेय. खूण केल्याशिवाय कात्री लावली नाही. मला कुणी विचारलं नाही, खडू कधी सोडणार म्हणून."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"वादाला माझी ना नाही, पण किती दिवस ते सांगा."

आईने तोंड उघडलं. ते वाक्य तिच्या ओठांवर तयारच होतं. शाळेत हेच सांगितलं होतं, सासूबाईंना हेच, शेजारणीला हेच. दर वेळी त्या वाक्यावर थोडी मुदत मिळायची, आणि मुदत संपली की तेच वाक्य पुन्हा धुऊन वापरायचं.

"हळूहळू..." तिने सुरुवात केली.

"हळूहळू नाही," लेक म्हणाली. मान खालीच होती, हातात चिमटा होता. "मामा खोटं सांगतो. आई पण सांगते."

चिमटा चिमट्यावर बसला. मग कात्री.

"सवय नाही मोडणार. मला हे कायम लागणार. म्हातारी झाले तरी लागणार." तिने भरलेला सेट उचलून रिकाम्या चौकोनात ठेवला आणि पुढची वाटी घेतली. "सोमवारी माणसं येतील, त्यांना हेच सांगा."