मिठाचा शेक

"हे काय आहे?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी चैतालीच्या पाठीवरून बोट उचललं.

कुसुम खुर्चीतून उठून लेकीच्या मागे गेली. जुन्या ऑपरेशनच्या व्रणाशेजारी कातडी लाल झाली होती आणि मधला फोड फुटला होता.

"शेक दिला व्हता," ती म्हणाली. "मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून. कंबर लई भरून आली म्हनली."

"आणि भाजलं तेव्हा ही गप्प बसली?"

"मला कळलंच नाही," चैताली म्हणाली. "मणक्याची गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून तिथं बधिर आहे. मीच म्हणत होते, अजून ठेव."

"वा. दोघीही हुशार."

बाळ पायाळू होतं, त्यामुळे सिझर ठरलेलं होतं. पाठीच्या ऑपरेशनमुळे भूल कशी द्यायची, एवढंच आज ठरायचं होतं. बाईंनी हातमोजे काढले. "जुन्या व्रणामुळे सुईला जागा आधीच कमी. जरा वर जमलं असतं. पण नेमकं तिथंच भाजलंय, आणि फुटलेल्या कातडीतून सुई घालत नाहीत. तारखेपर्यंत भरलं तर कमरेखालची भूल. नाही भरलं तर पूर्ण झोपवणार."

"म्हणजे बाळ रडलेलं मला ऐकू येणार नाही?"

"पुढं वर्षभर तेच ऐकायचंय," बाई म्हणाल्या. मग चैतालीचा चेहरा पाहून त्यांनी कागद पुढे ओढला. "मलम लिहून देते. शेक नाही, तेल नाही, मालिश तर नाहीच."

धायरीत कुणी बाळंत झालं की कुसुमला बोलावणं यायचं. बाळंतिणीची कंबर चोळायची, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, यातच तिचं वय गेलं. तिच्या हाताला गुण आहे, असं बायका म्हणत. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून तिनं या महिन्यातली कामं नाकारली होती.

परतीच्या बसमध्ये कुसुम खिडकीबाहेर बघत होती.

"मला समजाया पायजे व्हतं, चैते."

"पाठ माझी आहे ना. मलाच कळलं नाही, तुला कुठून कळणार?"

"माझं कामच हाय ते."

चैतालीनं आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली आणि पुन्हा ठेवून दिली.

रोज सकाळी चैताली गाऊन वर करून कुशीवर वळायची. "वाळलं का गं?"

"वाळतंय."

कुसुम बोटाच्या टोकानं मलम लावायची आणि हात मागे घ्यायची. रात्री लेक कण्हायची. चोळायला कुसुमचे हात पुढे जायचे, तेव्हा ती ते उशीखाली घालून पडून राहायची.

तारखेआधीच कळा सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढून पाठ पाहिली. यावेळी त्या टोचून बोलल्या नाहीत.

"अजून ओलं आहे."

चैतालीनं मान हलवली. तिला आत नेलं. जावई, शुभंकर, वाघोलीहून निघाला होता, वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकला होता. बाकावर कुसुम एकटीच होती.

दाराआडून रडणं आलं. आधी बारीक, अडखळत, मग एकदम मोकळं. इतक्या पोरांना तिनं न्हाऊ घातलं होतं, पण त्यांचं पहिलं रडणं कधी ऐकलं नव्हतं. तिचं काम नेहमी नंतर सुरू व्हायचं. तिनं पदर तोंडाशी धरला.

संध्याकाळी चैताली पुरती शुद्धीवर आली. मुलगी शेजारच्या पाळण्यात झोपली होती.

"आई, कशी रडली?"

"चांगली रडली."

"तसं नाही. नीट सांग ना."

कुसुमनं तोंड उघडलं. "बारीक व्हतं आधी," ती म्हणाली, आणि थांबली.

तेवढ्यात पाळण्यात हालचाल झाली. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. कुसुमचे हात सवयीनं पाळण्याकडे गेले. चैतालीनं डोळे मिटून घेतले होते. ती ऐकत होती.

कुसुमनं हात परत घेतले आणि मांडीवर ठेवून बसून राहिली.