तीन उड्या

ब्राझील हरलं त्याचं अंबरनाथ पश्चिमेत कुणाला सुतक लागेल असं सांगितलं, तर लोक हसतील. पण त्या शनिवारी सकाळी कैलासच्या सलूनमध्ये कुणाच्या गालाला साबण लागला नव्हता, हे खरं आहे. दोन हजार अठराचा वर्ल्ड कप चालू होता. आदल्या रात्री बेल्जियमने ब्राझीलला दोन-एकने घरी पाठवलं होतं आणि कैलास पिवळी जर्सी घालून, डोळे सुजवून, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसला होता.

"क्लिअर पेनल्टी होती ती," तो म्हणाला. "व्हिडिओ बघणारे रेफरी काय झोपले होते?"

"तुमचा नेमार पडला की आता कोण खरं मानणार?" जयदेव म्हणाला. जयदेव रिक्षावाला, अर्जेंटिनाचा भक्त. त्याचा संघ आठवडाभर आधीच बाहेर पडला होता, तेव्हा दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यापलीकडे त्याला काम उरलं नव्हतं. "सगळी टुर्नामेंट लोळत काढलीत. हसली ना दुनिया? मग भोगा आता."

"ए, पडणं वेगळं आणि पाडणं वेगळं!"

बरंच तोंड वाजल्यावर दोघांनी धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज एमआयडीसीत फिटर होता, पण रविवारी तो रेफरी असायचा. बदलापूर-वांगणीकडच्या निम्म्या टुर्नामेंट त्याच्या शिट्टीवर चालायच्या. कुठल्याही टीमचा वडापावसुद्धा तो खात नसे, आणि ही गोष्ट लोकांना माहीत आहे ना, याची जरा जास्तच काळजी घेत असे.

"धर्मा, तू सांग. तू असतास तर?"

"मी असतो तर पहिल्याच मॅचला कार्ड दाखवलं असतं," धर्मराज म्हणाला. "माझ्या ग्राउंडवर कुणी लोळून दाखवावं. उद्याच बदलापूरला आमची सेमीफायनल आहे, या बघायला."

दहा माणसांसमोर बोललेला शब्द गिळणं सोपं नसतं. धर्मराजला तर ते कधीच जमलं नव्हतं.

त्याचा आणखी एक नियम होता, जो फिफाच्या पुस्तकात नाही. आपल्याकडच्या मैदानावर डॉक्टर कुठला असायला! म्हणून पडलेल्या खेळाडूने उठून रेफरीसमोर तीन उड्या मारायच्या. जमल्या तर खेळायचं, नाही जमल्या तर बाहेर बसायचं. सोंग करणारा लाजून उठायचा, पोटरीत गोळा आलेला मोकळा व्हायचा. पंधरा वर्षं हे चाललं होतं आणि सगळ्या टीम ते निमूट पाळत होत्या.

रविवारी बदलापूरच्या मैदानावर गुडघाभर नाही, पण घोटाभर चिखल होता. हरेश पिवळ्या टीमकडून खेळत होता. बारवी धरणाजवळच्या वाडीतला एकोणीस वर्षांचा पोरगा, बाप वाळू नावाचा, मजुरीवर जाणारा, आईचं नाव नवसी. चिखलातही तो असा पळायचा की मागचा बघत राहायचा. ऑगस्टमध्ये एका कंपनीच्या टीमची निवड होती. निवड झाली तर खेळाडू म्हणून कायमची नोकरी. तिथे त्याचं नाव धर्मराजनेच कळवलं होतं.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. हरेश बॉल घेऊन गोलकडे घुसला, समोरून दुसऱ्या टीमचा बॅक अडवायला आला, दोघं एकमेकांवर आदळले आणि हरेश गुडघा धरून दोनदा गडगडला. धर्मराज मागे पडला होता आणि मध्ये तीन पोरं होती. पाय लागला की नाही, हे त्याला दिसलं नाही. त्याला ऐकू मात्र आलं.

"नेमार! नेमार!" जयदेव ओरडला आणि अख्खी कड हसायला लागली. कैलाससुद्धा हसला, कालपर्यंत रडत होता तोच.

धर्मराजने पिवळं कार्ड काढलं. "सोंग करतोस? ऊठ. तीन उड्या."

हरेश उठला. पहिली उडी मारली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या उडीला त्याने ओठ चावला. तिसरी मारली आणि तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्याला दोघांनी उचलून कडेला नेलं. धर्मराजला त्याही वेळी वाटलं, सोंग जरा लांबतंय.

पुढे तीन आठवडे सलूनमध्ये ब्राझीलची पेनल्टीच चालू होती. फ्रान्सने कप नेला तरी कैलासचं रडगाणं संपेना. मग एका रविवारी जयदेवने मोबाईल पुढे केला. कुणीतरी त्या सेमीफायनलचा व्हिडिओ काढला होता. बॅकचा बूट सरळ हरेशच्या गुडघ्यात बसला होता आणि गुडघा भलत्याच बाजूला वळला होता. धर्मराजने तो चार वेळा पाहिला.

"होतं रे," कैलास म्हणाला. "रेफरी पण माणूसच आहे."

"हे तू ब्राझीलच्या वेळी का नाही म्हणालास?" धर्मराज म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला. जयदेव रिक्षा काढायला गेला.

वाडीत रिक्षा जात नव्हती. जयदेव रस्त्यावरच थांबला, तोंड दाखवायची त्याची छाती झाली नाही. धर्मराज शेताच्या बांधावरून एकटा चालत गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत तीनदा ठरवलं. पोराने शिव्या द्याव्यात, बापाने अंगावर यावं, असंच त्याला मनातून वाटत होतं. ते सोसायला सोपं गेलं असतं.

हरेश ओटीवर बसला होता. गुडघा नारळाएवढा सुजलेला, वर पाला बांधलेला. धर्मराजला पाहून तो खांबाला धरून उठला आणि हसला.

"सर! तुमी कशाला आलाव एवढ्या चिखलातनं? निवडीला दहा दिस हायेत अजून, मी येतंय."

"हरेश, माझी चूक झाली," धर्मराज म्हणाला. ठरवलेलं पुढचं सगळं तो विसरला. "तू खरोखर पडला होतास. मला वाटलं, तू सोंग करतोयस."

"सोंग?" हरेशला खरंच कळलं नाही. "पडायचं सोंग कोन कशाला करील सर? पडल्यावर बॉल जातो ना."

महिनाभर ज्या गोष्टीवर आपण सलूनमध्ये घसा कोरडा केला, ती या पोराच्या गावीही नव्हती. वाडीत एकही टीव्ही नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी पापाची शिक्षा भोगून बसला होता.

"मग त्या उड्या?" धर्मराजने कसंबसं विचारलं. "दुखत होतं तर मारल्यास कशाला?"

"तुमी सांगितल्याव म्हणून. गेल्या साली माझ्या पोटरीत गोळा आलेला, तवा तुमीच मारायला लावलेल्या. तिसरीला सुटला व्हता." हरेशने गुडघ्याकडे पाहिलं. "ह्या टायमाला जरा मोठं दुखणं हाय, येळ लागतोय. पण मी सोडलं नाय सर. रोज सकाळी मारतंय. तीनच्या आता धा करतंय, निवडीपर्यंत सुटंल म्हणून."

धर्मराज ओटीच्या कडेला खाली बसला. ओल्या मातीत, पँटीची पर्वा न करता. "नको मारूस," तो म्हणाला. "बाळा, आता एकही नको मारूस. दवाखान्यात जाऊ आपण, आत्ताच जाऊ."

हरेशचं हसू हळूहळू उतरलं. त्याने एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा धर्मराजकडे, आणि त्याला समजलं.

दारात नवसी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ना ओरडली, ना रडली.

"मी सांगत व्हते त्याला," ती म्हणाली. "नको मारू रं, डोळ्यांतनं पानी येतं तुझ्या. तर मलाच म्हनायचा, आये, तुला काय कळतं, सरांनी सांगितलंय."