दोन्ही मुळं शाबूत

थोरल्या लेकाला पहिली पोरगी झाली त्या साली, म्हणजे एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात, एका सकाळी सिताराम लोहार बायकोच्या तोंडात बोट घालून बसला होता. बोटाला धुतलेल्या धोतराची चिंधी, वाटीत कोमट पाणी, मीठ आणि खायचा सोडा. हिरड्यांवरून चिंधी हलकी फिरवायची, मग चूळ. दिवसातून सहा वेळा. गाठ जाळायला दवाखान्यात दिलेल्या विजेच्या शेकानं सरजाबाईच्या तोंडातली लाळच आटली होती. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा घशाखाली उतरत नव्हती.

"हळू. घण मारायलात का?"

"घण मारला असता तर बोलली असतीस व्हय?"

ती हसली, तसा सुकलेला ओठ चिरला.

गालाच्या आत डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ होती. शेक देण्याआधी दवाखान्यात तिचे किडके सहा दात काढले होते. तेव्हाच दातांच्या डॉक्टरनं एका जुन्या खड्ड्यातून मुळाचा तुकडा उकरला आणि चिमट्यात धरून विचारलं, "हा दात कुणी काढला होता?"

"म्या," सिताराम ताठ होऊन म्हणाला. अख्ख्या वालूर गावाचे दात त्याच्याच पकडीनं निघत. पक्कडही त्यानंच घडवलेली.

"मूळ तर आतच ठेवलंत की!" डॉक्टर हसला. बाजूच्या दोन परिचारिकाही हसल्या. मग त्यानं चिमटा खाली ठेवला. "नीट ऐका. शेकानंतर जबड्याचं हाड कमजोर होतं. जखम भरत नाही. राहिलेल्या दातांना आता जन्मात कुणी हात लावायचा नाही. दुखला तर इथं घेऊन यायचं."

सितारामनं मान डोलावली. कानात मात्र ते हसणंच राहिलं.

आषाढात डावीकडची खालची दाढ ठणकू लागली. तीन दिवस त्यानं लवंग दाबून बघितली.

"बाबा, उद्या सेलूहून सकाळची गाडी धरू. दवाखान्यात नेऊ मायला," लेक रंगनाथ म्हणाला.

"बघू."

सरजाबाई गाल धरून भिंतीला टेकली होती. "गावाचे दात उपटता, अन् माह्या एका दाढंला भेलात का?"

"डाक्टर नको म्हणलाय."

"मंग डाक्टरचंच ऐका. मी बसते ठणकत."

सितारामनं दाढ हलवून बघितली. मग उठला आणि पक्कड उकळत्या पाण्यात टाकली. रंगनाथ काहीतरी म्हणाला, ते त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकोला उन्हाकडं तोंड करून बसवलं, तिचं डोकं गुडघ्यात धरलं. दोन हिसड्यांत दाढ बाहेर आली.

त्यानं ती उजेडात धरली.

"बघ सरजे. दोन्ही मुळं शाबूत."

ती रक्त थुंकत होती. तरी तिनं बघितलं आणि मान हलवली. गावात निघालेला दात छपरावर फेकतात. सितारामनं फेकला नाही. धुऊन, पुसून कागदात बांधला. डॉक्टरला दाखवायचा होता.

खड्डा भरला नाही. श्रावण गेला, पोळा गेला. चिंधी रोज पिवळी होऊन बाहेर येई, घरात वास राही. एके दिवशी खड्ड्यात पांढरं काही दिसलं. ज्वारीचा दाणा अडकला असेल म्हणून त्यानं ते चिंधीनं ओढलं. हललं नाही. सरजाबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या. ते माहंच हाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरनं बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघितलं. हनुवटीखाली बोटं दाबली.

"गाठ तर पार गेलीय हो," तो म्हणाला. "पण हे हाड सडलंय. दाढ कुणी काढली?"

सितारामचा हात बंडीच्या खिशात गेला. बोटांना कागदाची पुडी लागली.

"कुनी न्हाई, सायेब," सरजाबाई म्हणाली. जबडा नीट उघडत नव्हता, शब्द एकेक करून येत होते. "कण्या खाताना पडली. आपसूक."

डॉक्टरनं सितारामकडं बघितलं. "खरं का?"

ती भिंतीकडं बघत होती. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला.

"व्हय," सिताराम म्हणाला.

"मग कुणाचा काय दोष," डॉक्टर म्हणाला आणि लिहू लागला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. सेलू येईपर्यंत सितारामचा हात खिशातल्या पुडीवरच होता.

पुढं ताप चढू लागला, उतरेना. भेटायला येणारे दारातच हळहळत, "क्यान्सरच तो. माणूस काय करील?" सिताराम त्यांना बसायला घोंगडी टाकी. रंगनाथ उठून बाहेर जाई.

सरजाबाई सिताराम लोहार त्याच साली, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दिवस उगवल्यावर वारली.