चौदावी चिठ्ठी

माझ्यासारख्या बाईला वाचनवर्गाची प्रमुख केलं, यात आमचे पाद्री अबूना बखूम यांची थोडी चूक आहेच. तीस वर्षं मी इथं इजिप्तमध्ये, मल्लवीच्या शाळेत गणित शिकवलं. समोर चार बायका बसलेल्या दिसल्या की माझा हात आपोआप खडू शोधतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमतो, येत्या रविवारचा पाठ वाचतो आणि अबूनांनी काढून दिलेले प्रश्न सोडवतो. सोडवतो म्हणजे काय, मी विचारते आणि बाकीच्या एकमेकींकडे बघतात. तोंडावर सगळ्या मला ‘तासोनी लबीबा’ म्हणतात, म्हणजे लबीबाताई. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण उपासात तोंड कशाला विटाळा!

उपासाच्या पहिल्या बुधवारी आमच्याकडे चिठ्ठ्या काढतात. प्रत्येकीनं टोपलीतून एक नाव उचलायचं आणि उपास संपेपर्यंत गुपचूप त्या बाईसाठी रोज प्रार्थना करायची. मधूनमधून तिच्या दाराला वचनाचं कार्ड अडकवायचं, पण कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. शेवटच्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठीचं तेल सगळ्यांच्या कपाळाला लागतं, त्यानंतर नावं उघड करायची. यंदा चिठ्ठ्या लिहायचं काम मी माझ्याकडेच घेतलं. मुफीदा लिहिणार होती, पण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी हजेरीचं रजिस्टर काढलं, एकेक नाव सुवाच्य लिहिलं, घड्या घातल्या आणि आधी स्वतः चिठ्ठी उचलली.

उघडून बघते तर काय, वदीदा!

वदीदा आमच्याच गल्लीत राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं उपासाची बिस्किटं आणली होती, ना लोणी, ना दूध, ना अंडं, असं सांगून. ती तोंडात टाकताच विरघळली. नुसत्या तेलात बिस्किट असं विरघळतं होय? मी सगळ्यांसमोर म्हटलं, “वदीदा, बाई, यात लोणी आहे.” तिनं मरियममातेची शपथ घेतली. मी म्हटलं, “शपथेनं लोण्याचं तेल होत नाही.” तेव्हापासून आमचं बोलणं ‘नमस्कार’ आणि ‘जरा सरका’ एवढ्यावर आलं.

आणि आता रोज तिच्यासाठी प्रार्थना! पहिला आठवडा मी प्रामाणिकपणे म्हणत होते, “प्रभू, हिच्या जिभेला आवर घाल.” दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, “हिला थोडी अक्कल दे.” तिसऱ्या आठवड्यात तक्रारी संपल्या. मग बसून विचार करावा लागला की या बाईला खरंच काय हवंय. तिचे गुडघे गेलेत, साष्टांग घालताना ती खुर्चीचा पाय धरते. तिच्या लेकीला आठ वर्षांत मूल नाही. ते मागायला लागले आणि मला तिचा राग येईनासा झाला, याचाच मला राग आला. चार कार्डं लिहिली तिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिली.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उपासाच्या आधी अंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. डॉक्टरनं मिनया शहरातल्या लॅबमध्ये सुई घालून तुकडा काढायला लावला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा मेलबर्नला. त्याला फोनवर म्हणायचे, सगळं ठीक आहे, तुझी नोकरी कशी आहे? कुणालाच सांगितलं नाही. मी सांगणारी बाई, कुणी मला काही सांगितलेलं चालत नाही. पण मनात एक हिशेब होता. तेरा बायकांपैकी एकीकडे माझी चिठ्ठी आहे. तिला गाठीचं माहीत नसेना का, ती रोज माझं नाव तर घेते. रात्री हात छातीकडे गेला की मी स्वतःला हेच सांगायचे.

पण माझ्या दाराला कार्ड काही येईना.

मुफीदाच्या दाराला पाच कार्डं आली. ती दर बुधवारी पर्समधून काढून सगळ्यांना दाखवायची. “बाई, किती प्रेमानं लिहिलंय बघा ना!” असं म्हणत ओठांना लावायची. माझ्या दाराला लागली ती फक्त गॅसवाल्याची चिठ्ठी. मी एकेकीवर नजर ठेवली. सगळ्यात आळशी कोण, कंजूष कोण, माझ्यावर खार खाऊन कोण आहे? शेवटच्या प्रश्नाची यादी फार लांबली, तेव्हा तो नाद सोडला.

चौथ्या आठवड्यात लॅबमधून फोन आला, रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा. मी म्हटलं, येते. आणि गेले नाही. आज पाठाची तयारी आहे, उद्या चर्चचे पडदे धुवायचेत, परवा ऊन फार आहे.

पाचव्या बुधवारी आजार बरे करणाऱ्या कुंडाच्या काठी पडलेल्या पंगूचा पाठ होता. अडतीस वर्षं तो माणूस तिथं पडून आहे आणि येशूनं विचारल्यावर म्हणतो की मला पाण्यात उतरवायला माझं असं कुणी नाही. अबूनांचा प्रश्न होता, त्याचा सगळ्यात मोठा आजार कोणता? मुफीदा म्हणाली, “पाय.” दुसरी म्हणाली, “आळस.” आणि माझं डोकंच फिरलं. “आळस? अगं, अडतीस वर्षांत एक माणूस त्याच्यासाठी उठला नाही आणि आळशी तो? शेजारपाजारच्यांना काय झालं होतं? त्यांचे पाय धड होते ना?” मी रजिस्टर टेबलावर आपटलं. सगळ्यांनी पुस्तकांत डोकी घातली. वदीदा तेवढी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

मग तो शुक्रवार आला. तेल लागलं. कपाळं चमकवत आम्ही हॉलमध्ये बसलो. पुढ्यात बिनदुधाचा चहा आणि उकडलेले ‘फूल’, म्हणजे नेहमीचेच वालासारखे मोठे दाणे. अबूना म्हणाले, “चला, करा नावं उघड.”

एकेक उठली. हिच्याकडे ती, तिच्याकडे ही. मिठ्या, रडणं, “अगं, तू होतीस होय!” मुफीदानं तर नाक पुसता पुसता हातातला चहा सांडला. मी उठून म्हटलं, “माझ्याकडे वदीदा होती,” आणि पटकन बसले. बारा जणी झाल्या, तेरा झाल्या. माझं नाव कुणीच घेतलं नाही. उरली फक्त वदीदा.

म्हणजे माझी चिठ्ठी वदीदाकडे! माझ्या डोळ्यांसमोर ती बिस्किटं नाचली.

“वाटलंच मला!” मी उभीच राहिले. “सहा आठवडे, वदीदा! एक कार्ड नाही! बिस्किटांचा सूड असा उगवलास? मी तुझ्या गुडघ्यांसाठी, तुझ्या लेकीसाठी घसा कोरडा केला, आणि तू माझं नावसुद्धा घेतलं नाहीस?”

वदीदा खुर्ची धरून हळूहळू उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “कुठली चिठ्ठी गं? मी आत कप विसळत होते, सगळ्यांत शेवटी आले. टोपलीत हात घातला तर टोपली रिकामी! तू मुद्दाम केलंस. लोणीवालीची प्रार्थना देव कशाला ऐकेल, असंच ना? मी मूठ मिटून तशीच घरी गेले आणि रडले. वर तुझी कार्डं यायची. डाव्या हातानं लिहिलीस तरी प्रत्येक ओळीखाली लाल रेघ! गल्लीत दुसरं कोण मारतं लाल रेघा?”

“रिकामी कशी असेल? मी स्वतः लिहिल्या होत्या!”

अबूना शांतपणे म्हणाले, “तासोनी, कशावरून लिहिल्या?”

“रजिस्टरवरून.”

“आणा बघू इकडे.”

त्यांनी बोट फिरवत नावं मोजली. तेरा. बायका होत्या चौदा. हजेरी घेणारी बाई स्वतःचं नाव हजेरीत कशाला लिहील? तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. माझी चिठ्ठी कुणाकडेच नव्हती, कारण मी ती लिहिलीच नव्हती.

“गणिताच्या बाई!” मुफीदा किंचाळली, आणि सगळा हॉल हसत सुटला. अबूनांनी दाढी तोंडावर धरली, पण खांदे गदागदा हलत होते. मीही हसले. चांगलं खळखळून हसले, आणि मग ते हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. बाहीनं, रुमालानं, कशानंच डोळे कोरडे होईनात. सहा आठवडे ज्या एका माणसाच्या भरवशावर मी झोपत होते, तो माणूस नव्हताच.

हसणं विरलं. बायकांना कळेना काय करावं. वदीदा गुडघे सांभाळत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकली.

“लबीबा,” ती हळूच म्हणाली. “उपासाचे थोडे दिवस आहेत अजून. माझ्याकडे कुणाचीच चिठ्ठी नाही. तू ये माझ्याकडे. सांग, काय मागू तुझ्यासाठी?”

मी म्हणणार होते, सगळं ठीक आहे. तोंड उघडलंही तसंच. पण बाहेर पडलं ते भलतंच. “छातीत गाठ आहे. रिपोर्ट लॅबमध्ये पडलाय. दोन आठवडे झाले. मी आणायला गेलेच नाही.”

वदीदानं आधी स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली, मग माझ्या पाठीत धपाटा घातला. “दोन आठवडे? अगं, तू शहाणी की कोण? ऊठ.”

“आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. बंद असेल.”

“पाचला उघडते. माझ्या गुडघ्यांचे फोटो तिथंच काढलेत. ऊठ म्हटलं ना.”

“तुला जिना चढवत नाही. लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“ते माझं मी बघीन. चप्पल घाल.”

मायक्रोबस गच्च भरलेली होती. आम्हाला मागची सीट मिळाली, चाकावरची, दर खड्ड्याला उडवणारी. वदीदानं माझा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटून मोठ्यानं सुरुवात केली, “प्रभू, ही लबीबा, हिची गाठ साधी निघू दे. आणि नसेल साधी, तर मला धडधाकट ठेव, म्हणजे हिच्याबरोबर जाता येईल.” पुढची सगळी मंडळी माना वळवून बघायला लागली. एरवी मी लाजून जमिनीत गेले असते. उद्धट म्हणून गप्प केलं असतं तिला.

“वदीदा,” मी म्हटलं, “मला फार भीती वाटते गं.”

“मलाही,” ती म्हणाली, आणि माझा हात काही सोडला नाही.