शेवटच्या बाकापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यासमोर उभे राहून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. हातभर लांब, वीतभर रुंद, कडेला काळी रबरी पट्टी, असा मी. कारखान्यातून माझ्या शेजारचे आरसे न्हाणीघरांकडे रवाना झाले आणि मी गेलो शाळेच्या पिवळ्या बसमध्ये. चालकाच्या डोक्यावरच्या छताला मला चार स्क्रूंनी बसवले. मागची सगळी बाके आणि त्यांवरची सगळी पोरे दिसावीत, एवढेच माझे काम.

ती बस न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, डेलावेअर उपसागराच्या काठाने फिरायची. रस्त्याच्या एका अंगाला घरे आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर खाजण, भरतीच्या खाऱ्या पाण्याची दलदल. बस चालवायची लेनोरा बोझार्थ. पोरे तिला मिस लेनोरा म्हणत. मागे वळून न बघता, कुणी दप्तरातून जिवंत खेकडा बाहेर काढला ते ती सांगायची. तिला पाठीलाही डोळे आहेत, असे पोरांना वाटे. ते डोळे म्हणजे मी, आणि मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मे महिन्यातल्या एका सकाळी तो गर्व उतरला. शाळेपाशी पोरे उतरली. लेनोराने सवयीने माझ्यात एकदा पाहिले. मी तिला रिकामी बाके दाखवली. तिने बस आगारात नेऊन लावली आणि दाराला कुलूप लावून ती घरी गेली. पण शेवटच्या बाकावर टॅबिथा नावाची पाच वर्षांची मुलगी आडवी होऊन झोपली होती. पुढच्या बाकाच्या पाठीआड कुणी आडवे पडले, तर ते मला दिसत नाही. पाऊण तासाने शाळेतून फोन आला तेव्हा लेनोरा धावत परतली. टॅबिथा अजून झोपलेलीच होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिला काही झाले नाही. लेनोरा मात्र बसच्या पायरीवर बसून रडली, आणि कुणी जाब विचारायच्या आत स्वतःच मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळे सांगून आली. महिनाभर तिला घरी बसवले. मी कुणाकडे जाऊन सांगणार? रिकामी बाके दाखवणारा तर मीच होतो.

कामावर परतल्यावर, बस रिकामी झाली की लेनोरा जागेवरून उठायची आणि एकेका बाकावर हात ठेवत शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची. निवृत्त होईपर्यंत तिने एकदाही हे चुकवले नाही. मला वाईट वाटे, पण तिचे बरोबर होते.

तिची निवृत्ती आणि बसचे भंगारात जाणे एकाच वर्षी झाले. आगारातल्या मेकॅनिककडून तिने मला सोडवून घेतले. जुना आरसा कशाला हवा, असे त्याने विचारले, तर ती म्हणाली, "याचा आणि माझा हिशेब अजून बाकी आहे."

तिचा शेजारी वेन्डेल खेकडे पकडायचा. त्याने मला रंगाऱ्याच्या लांब दांड्याच्या टोकाला बिजागरीने बसवले आणि माझा दुसरा जन्म सुरू झाला. आमच्या खाजणात मीनखाई घारी येतात. इथली माणसे त्यांना ऑस्प्रे म्हणतात. एके काळी डासांसाठी फवारलेल्या विषामुळे त्या जवळजवळ संपल्या होत्या. मग लोकांनी चिखलात खांब रोवून त्यांच्यासाठी मचाणे उभारली आणि दर उन्हाळ्यात होडीतून फिरून घरट्यांतली पिल्ले मोजायला सुरुवात केली. त्यासाठी कुणी पगार घेत नाही. जुलैत हिरव्या डोळ्यांच्या माश्या अंगाचे लचके तोडतात, तरी माणसे येतात.

मचाण दोन पुरुष उंच. खालून घरट्यातले काही दिसत नाही. म्हणून लेनोरा मला दांड्यासकट वर धरायची आणि खाली उभी राहून माझ्यात बघायची. नियम असा, की घरट्याखाली पाच मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, नाहीतर आईबाप वर घिरट्या घालत राहतात आणि पिल्ले उन्हात पडतात. त्या पाच मिनिटांत लेनोरा मोठ्याने दोनशेपर्यंत आकडे म्हणायची. दोनशे झाल्याशिवाय वहीत काही लिहायचे नाही. वेन्डेल होडीतून ओरडायचा, "बाई, शाळेची घंटा झाली, चला आता." ती लक्ष द्यायची नाही. एकदा आमचा फोटो वर्तमानपत्रात आला. त्यात लेनोराची टोपी दिसली, वेन्डेलचे पोट दिसले आणि माझ्यात नुसता एक ढग. तरी मी खूश होतो. बसमध्ये मला आडवे पडलेले दिसत नव्हते, आणि आता मी वरून सगळे बघत होतो.

सतरा वर्षे अशी गेली. मग लेनोराच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी होडीत चढायला मनाई केली. मोजणीचे काम टॅबिथाकडे गेले. हो, तीच टॅबिथा. आता ती चाळिशीची होती आणि दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची, त्यामुळे फोटोवर तिचा फार विश्वास. तिने दांड्याला छोटा कॅमेरा लावला. वर करायचा, फोटो घ्यायचा, खाली आणायचा. अर्ध्या मिनिटात काम उरकते, पक्ष्यांना त्रासही कमी, हे तिचे म्हणणे अगदी खरे होते. मी लेनोराच्या छपरीत खिळ्याला टांगलेला राहिलो. माझ्या पाठीवर गांधीलमाशीने मातीचे घर केले. बसमधल्या त्या सकाळबद्दल टॅबिथा आणि लेनोरा एकमेकींशी कधीच बोलल्या नव्हत्या.

त्या जुलैत चौदा नंबरच्या मचाणाचा खांब हिवाळ्यातल्या बर्फाने खिळखिळा होऊन कलला होता. घरट्यात जिवंत पिल्ले असतील तर मचाणाला हात लावायचा नाही, आणि घरटे वाया गेले असेल तर ते पाडून नवे उभे करायचे, अशी इथली रीत. टॅबिथाने फोटो घेतला. तीन पिल्ले माना लांब करून सपाट पडलेली, अंगावर माश्या. तिने वहीत लिहिले, तिन्ही मेली. शनिवारी भरतीच्या पाण्यात होड्या नेऊन दोर लावून मचाण ओढायचे ठरले.

शुक्रवारी संध्याकाळी टॅबिथा वही दाखवायला लेनोराकडे आली. लेनोराने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "आईबाप कुठे होते?"

"डोक्यावरच होते. सारखे ओरडत होते."

"मेलेल्या पिल्लांसाठी कशाला ओरडतील? आई ओरडली की पिल्लं अशीच निपचित पडतात गं. तू किती वेळ बघितलंस?"

टॅबिथाने फोटो पुढे केला. त्यात सगळे स्पष्ट दिसत होते, असे ती म्हणाली, थोडीशी दुखावून. टॅबिथा गेल्यावर लेनोरा काठी टेकत छपरीत आली, गांधीलमाशीचे घर खरवडले आणि पदराने पुसावे तसे सदऱ्याच्या टोकाने मला पुसले.

सकाळी धक्क्यावर तिला बघून वेन्डेल म्हणाला, "गुडघा नवा बसवला, डोकं तेवढं जुनंच ठेवलं." पण त्यानेच हात देऊन तिला होडीत घेतले. आम्ही पोचलो तेव्हा माणसांनी खांबाला दोर बांधलाही होता. भरती तासाभरात उतरणार होती. त्यानंतर होड्या चिखलात रुतल्या असत्या. लेनोराचे खांदे आता मला पेलण्याजोगे नव्हते. तिने दांडा टॅबिथाच्या हातात दिला.

मी वर गेलो. खाली तीन पिल्ले सपाट पडलेली, फोटोत होती तशीच. वाऱ्याने मी हलत होतो, त्यामुळे कोण श्वास घेते हे मलाही कळेना. त्या बसमधली रिकामी बाके मला आठवली. पुन्हा मीच चुकीचे दाखवणार, या भीतीने मी अक्षरशः गार पडलो. लेनोरा आकडे म्हणू लागली. शंभर झाले. दोर धरलेला एकजण घड्याळ बघू लागला. टॅबिथाच्या दंडावर माशी बसून रक्त काढत होती, तरी तिने दांडा हलू दिला नाही.

एकशे बेचाळीसला मधल्या पिल्लाच्या डोळ्यावर माशी बसली, आणि तो लाल डोळा मिटून उघडला.

लेनोरा आकडे म्हणायची थांबली नाही. एकशे एकोणनव्वदला कडेच्या पिल्लाने पंख जरा पोटाशी घेतला. दोनशे झाले. तिसरे तसेच होते. मग होड्या लांब नेल्या. मादी मासा घेऊन उतरली तेव्हा घरट्याच्या काठावर दोन माना वर आल्या. मासा संपेपर्यंत सगळे बघत राहिले. तिसरी मान आली नाही.

"दोन लिही," लेनोरा म्हणाली. "आणि एक गेलं, तेही लिही."

दोर सोडला गेला. कललेल्या खांबाला तात्पुरता टेकू दिला. परतताना टॅबिथा वही मांडीवर मिटून बसली होती.

"मिस लेनोरा, मी ओढायला लावलं असतं," ती म्हणाली.

"हो. आणि मी कुलूप लावून घरी गेले होते."

टॅबिथाने पहिल्यांदाच विचारले, "त्या दिवशी मी फार रडले का?"

"तू? तू झोपली होतीस. रडले मी."

दोन्ही पिल्ले ऑगस्ट लागायच्या आत उडाली. आता मी टॅबिथाच्या होडीत असतो. ती आधी कॅमेऱ्याने फोटो घेते, मग मला वर करते आणि दोनशेपर्यंत मोजते. लेनोरा धक्क्यावर खुर्ची टाकून बसते आणि आम्ही परतलो की आकडा विचारते. मित्रांनो, मी काच आहे. समोर येईल तेवढेच मला दाखवता येते. माझ्यात एकदा बघून तिथे कुणी नाही असे म्हणू नका. उठा आणि शेवटच्या बाकापर्यंत जाऊन या.