वाजवून पारखलेली

सकाळपासून तिसऱ्यांदा ज्ञानू कुंभार परसाकडं जाऊन आला, तेव्हा मनुबाईनं हातातलं पोतं खाली टाकलं.

"आवं, बोर्डाच्या परीक्षेला बसल्यागत काय करताय? चाळीस हंड्या तर वाजवायच्या!"

'हंड्या' आणि 'वाजवायच्या' एवढं त्यानं बायकोच्या ओठांवरून उचललं. आणि तो पुन्हा टमरेलाकडं वळला.

कुंडल गावात ज्ञानूला कोण ओळखत नाही? मातीचा साप करून सरपंचांच्या चपलेत ठेवणारा हाच. लग्नाच्या पंगतीत मातीचा लाडू वाढून व्याह्याचा दात हलवणारा हाच. त्याला सरळ विचारावं तर उत्तर वाकडं. "ज्ञानू, ऊस गेला का?" "गेला की, मेव्हणीसंगट." लोक पोट धरून हसायचे. गेली दोन वर्षं मात्र गंमत अशी होती की, ज्ञानूला प्रश्न ऐकूच येत नव्हता. हसणारं तोंड दिसलं की हा काहीतरी ठोकून द्यायचा आणि गडी टाळी मागायचे. तीस वर्षांच्या टवाळकीची ही अशी पेन्शन सुरू होती.

पण कुंभाराला कान लागतो. भाजलेल्या मडक्यावर बोटाचं पेर मारलं की धड मडकं खणकन बोलतं आणि चीर गेलेलं बद्द वाजतं. ती चीर केसाहून बारीक, डोळ्याला दिसत नाही. ऐकावी लागते. श्रावणात ज्ञानूनं एक हंडी वाजवली, मान डोलवली आणि मनुबाईच्या हातात दिली. चुलीवर ती उकळत्या आमटीसकट दुभंगली. मनुबाईचा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत सोलून निघाला.

"चूल लय तापली हुती," ज्ञानू म्हणाला होता.

तेव्हापासून कुणी हंडी नेली की आठ दिवस याला घास गोड लागत नसे. दारात कुणाची सावली पडली तरी वाटायचं, आलं, भाजलेलं माणूस घेऊन आलं.

अशात सून साक्षीनं फोनवर हंड्यांचे फोटो टाकले. तिचा नवरा विश्वजीत मिलिटरीत, तिकडं वर बर्फात. त्याच्याशी रेंज नसताना ओरडून बोलायची तिला सवय, म्हणून तिचं बोलणं तेवढं सासऱ्याच्या कानात शिरायचं.

"मामा, दोन रस्तं हायत बघा," ती म्हणाली होती. "एक कस्टम. वाईच्या अबोलीताईंनी मेढ्याच्या वर पाव्हण्यांसाठी खोल्या बांधल्यात. त्यांना मातीचं टांगायचं दिवं पायजेत. पंचवीस दिवं, पंचवीस चित्रं, एकासारखं दुसरं न्हाई. आन् दुसरा प्रायव्हेट लेबल. हंडी आपलीच, घाट आपलाच, बुडाला नाव सांगलीच्या कंपनीचं. म्हैन्याला सहाशे हंड्या. बारा म्हैनं काम!"

"आन् ती दिवं?" ज्ञानूनं विचारलं.

"पंचवीस झालं की संपलं. मग परत दुसरं गिऱ्हाईक हुडका."

घराचा कौल सहाशेला पडला. ज्ञानूचाही पडला असता. पण कंपनीनं लेबलाचा नमुना पाठवला आणि साक्षीनं तो कौतुकानं वाचून दाखवला: 'प्रत्येक हंडी कारागिराच्या कानाने पारखलेली.' नाव कंपनीचं आणि कान ज्ञानूचा! त्या क्षणापासून याला डोळे मिटले की सहाशे चुली दिसत आणि प्रत्येक चुलीपुढं एकेक पाय.

आज अकरा वाजता कंपनीचा मुकुल आला. तरतरीत पोरगा, बूट पांढरेधोप. नमुन्याच्या चाळीस हंड्या अंगणात पोत्यावर मांडलेल्या. समोर लिंबाला म्हातारं गाढव बांधलेलं.

"काका, रोजच्यासारखं वाजवा," मुकुल मोबाईल सरसावत म्हणाला. "मी शूटिंग घेतो. खराब असेल ती बाजूला टाका. लोकांना तेच बघायचं असतं."

साक्षीनं सवयीनं तेच ओरडून सांगितलं. "मामा, चालू करा म्हणत्यात!"

ज्ञानूनं पहिली हंडी उचलली. पेर मारलं. कापूस कोंबलेल्या घरात कुणीतरी लांब दार वाजवावं, तसं काहीसं झालं किंवा झालंही नाही. रांजणाची थरथर बोटांना तरी लागते, एवढ्याशा हंडीची तीही लागेना. मानेवरून घाम पाठीत उतरला. त्यानं मान डोलवली. दुसरी. डोलवली. तिसरी उचलताना त्याची नजर सहज समोर गेली.

मनुबाई पाय पसरून डाळ निवडत बसली होती. त्यानं तिसरी वाजवली आणि तिच्या भाजलेल्या पायाचा अंगठा वर उचलला गेला.

बायको डाळीतच बघत होती.

ज्ञानूनं ती हंडी हळूच बाजूला ठेवली. अंगठा खाली गेला.

"वा काका! काय कान आहे!" मुकुल ओरडला असावा, कारण त्याचं तोंड पडजिभेपर्यंत उघडलं होतं.

म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून? श्रावणापासून? का त्याआधी, आणि तरी ती हंडी हिनं चुलीवर ठेवली? ज्ञानूला तिथंच उठून तिला विचारावंसं वाटलं. पण काम सुरू झालं. चौथी, अंगठा खाली. पाचवी, खाली. नववीला वर. अंगठ्याच्या तालावर कुंभार नाचत होता आणि जग त्याला उस्ताद समजत होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी फसवणूक रंगात आली होती आणि तिची मजा तेवढी येत नव्हती.

चौदावी हंडी त्यानं उचलली आणि मुकुल जवळून शूटिंग घ्यायला मधोमध येऊन उकिडवा बसला. ज्ञानूनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. सगळीकडं मुकुलच. पाय दिसेना. पेर मारून झालं होतं. सगळे त्याच्या मानेकडं बघत थांबले होते.

डोलवावी? धड असेल तर काहीच नाही. नसेल तर? सांगलीतल्या कुठल्या तरी घरात, कुठली तरी बाई, आमटी...

त्यानं हंडी मांडीवर ठेवली.

"सायब, मला ऐकू येत न्हाई."

मुकुल मागं पडेपर्यंत हसला. साक्षी तोंडाला पदर लावून हसली. "मामांचं असंच असतंय वो! गावात कुणाला सोडत न्हाईत."

"हे पण टाकतो व्हिडिओत!" मुकुल म्हणाला.

ज्ञानू त्या हसऱ्या तोंडांकडं बघत राहिला. इतकी भीती त्याला सकाळपासून वाटली नव्हती. खरं सांगून झालं आणि कुणी घेतलंच नाही.

"साक्षी, ही हंडी धर," तो म्हणाला. "माझ्या पाठीमागं जा. आन् तुला वाटंल तवा दगडावर आपट. मी दचकलो तर सायबाला व्हय म्हणायचं. सहाशे, हजार, काय म्हणंल ती."

"आवं मामा, चांगली हंडी..."

"आपट म्हणतो न्हवं!"

ती मागं गेली. ज्ञानूनं हात गुडघ्यावर ठेवले आणि समोरच्या गाढवाकडं बघत बसला. मुकुल अजून हसतच होता. वाऱ्यानं लिंबाची पानं हलत होती. किती वेळ गेला कळलं नाही.

मग एकाएकी गाढवाचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. मुकुलचं हसू तोंडावरच थांबलं. मोबाईल हळूहळू खाली आला.

"पडली वाटतं," ज्ञानू म्हणाला.

कुणी काही बोललं असेल, नसेल. साक्षी रडत पुढं आली. तो मागं वळून बसला आणि खापरं गोळा करू लागला. एका तुकड्याच्या कडेला बोटभर धुराची काळी रेघ होती. फुटायच्या आधीची, आव्यात भाजतानाच गेलेली चीर. त्यानं तो तुकडा मनुबाईच्या हातात दिला. तिनं रेघेवरून अंगठा फिरवला आणि डाळीचं सूप बाजूला सारून तीही खापरं वेचायला आली.

"सगळी गोळा कर," तो तिला म्हणाला. "कुटून दिव्यांच्या मातीत घालू. दिव्याला चीर गेली तर उजेडात दिसंल तरी."

तिनं मान डोलवली. गाढवाचे कान अजून उभेच होते.